वायर काढलेली स्कूटर

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रस्त्यावर सकाळी सातला उभे राहावे. एमआयडीसीतले कामगार, पार्सलवाली पोरे, मुलांना शाळेत सोडणाऱ्या आया, सगळे विजेच्या स्कूटरवर. पेट्रोल परवडत नाही, रिक्षाचे भाडेही परवडत नाही, म्हणून गरिबाने ही गाडी घेतली त्यात चूक काही नाही. पण निम्म्या गाड्यांना नंबर प्लेट नसते, आणि वस्तीत आम्हाला एकच प्रश्न विचारतात, "भाऊ, याला लायसन लागत नाही ना?"

लागत नाही, आणि लागतेही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतो की मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, अशी दुचाकी मोटार वाहनच नव्हे. तिला नोंदणी नको, लायसन नको, विमा नको. मात्र तो नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासून प्रमाणित केलेला हवा. यातली एक अट जरी मोडली, तरी ती गाडी कायद्याने मोटारसायकलसारखीच. मग आरटीओची नोंदणी, हिरवी नंबर प्लेट, विमा, लायसन, हेल्मेट, सगळे आले.

आमच्या चाळीतल्या एका टर्नरने गेल्या वर्षी हप्त्यावर स्कूटर घेतली, सतरा वर्षांच्या मुलाला कॉलेज आणि क्लाससाठी. दुकानदार हळूच म्हणाला, "ही एक वायर काढली की चाळीसने पळते." वायर काढली. कागद म्हणून हातात फक्त बिल. चार महिन्यांनी वळणावर मुलाने एका भाजीवाल्या मावशींना धडक दिली. त्यांच्या पायाचे हाड मोडले. पोलीस ठाण्यात आम्ही बापाबरोबर गेलो. तो सारखे म्हणत होता, "ही बिनलायसनची गाडी आहे हो!" गाडी तपासली तेव्हा वेग निघाला पंचवीसच्या वर. विमा नव्हता, त्यामुळे दवाखान्याचा खर्च बापाच्या अंगावर. भिशी उचलली, वहिनींच्या कानातले गेले. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने मोटार वाहनाचा गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे त्या दुकानात त्याला कोणी सांगितले नव्हते.

वेग वाढवून विकण्याचा हा धंदा सरकारला ठाऊक नाही असे नाही. २०२२ मध्ये परिवहन आयुक्तांनी आरटीओंना अशा गाड्या तपासून कारवाई करायला सांगितले होते. पण रस्त्यावर पकडला जातो तो गाडी चालवणारा, आणि त्याची गाडी जप्त झाली तरी हप्ते चालूच राहतात. विकणाऱ्याच्या दारात तपासणी व्हायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. नियमातही एक भोक आहे. गाडी खरोखर पंचवीसच्या आतली असती, तरी तिला विमा सक्तीचा नाही. म्हणजे मावशींना विमा कंपनीकडून तेव्हाही काही मिळाले नसते.

गाडी घेताना एआरएआयसारख्या संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागा, बिलावर मॉडेल आणि चॅसिस नंबर लिहून घ्या. दुकानदार टाळू लागला तर तिथून उठा. आणि वायर काढू देऊ नका.

मावशी आता काठी टेकत पुन्हा गाडीवर बसतात. टर्नरभाऊ दर रविवारी त्यांच्याकडून आठवड्याची भाजी घेतो. स्कूटर अजून ठाण्याच्या आवारात आहे. तिचे सात हप्ते बाकी आहेत.