रंगांचा शेजार

दादरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये परवा अर्धा तास उभी होते. सोबत अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आणि एकोणीस वर्षांची भाची. आईला तिच्या जुन्या इरकलीवर पोलक्याचं कापड हवं होतं. दुकानदाराने पदराचं टोक चिमटीत धरलं, मागे छतापर्यंत रचलेल्या टू बाय टूच्या घड्यांकडे एकदाच पाहिलं आणि त्या डोंगरातून तीन घड्या ओढल्या. "आमसुली, वांगी, की हा मनुका?"

मला तिन्ही एकच दिसत होते. आई म्हणाली, "आमसुलीच. पण जरा बाहेर उजेडात दाखवा."

भाचीने फोनमधून मान वर केली. "मावशी, आमसुली म्हणजे खायच्या आमसुलाचा?"

खायच्याच. आणि मग मीच थबकले, कारण मराठीतले साड्यांचे रंग आठवायला लागले तर मला कपड्यांचं दुकान दिसेना. घर, परसू आणि बाजार दिसायला लागला. हळदी, श्रीखंडी, बदामी, चटणी हे स्वयंपाकघरातले. डाळिंबी, अंजिरी, लिंबू हे फळवाल्याच्या गाडीवरचे. अबोली, गुलबक्षी कुंपणालगतचे. विटकरी विटेचा, राखाडी चुलीतला, शेवाळी विहिरीच्या पायरीवरचा, मोरपंखी आणि पोपटी उडत आलेले. तपकिरी तर थेट तपकिरीच्या डबीतून निघाला. चिंतामणी मात्र कुठून आला देव जाणे. तो प्रत्येक दुकानात वेगळा असतो आणि प्रत्येक बाईला नक्की माहीत असतो.

कपड्यांच्या कल्पना सुचाव्यात म्हणून चित्रं कापून फळ्यावर चिकटवतात, त्याला मूड बोर्ड म्हणतात, असं भाचीने मला शिकवलंय. इथे कुणीतरी जेवता जेवता ताटाकडे बघितलं, त्यातला एक रंग उचलला आणि अंगावर घेतला. आधी बघितलं, मग नाव ठेवलं, मग नेसलं.

आता ते "बाहेर उजेडात". हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आणि आयांचा फाजील संशयीपणा म्हणून सोडून दिलं. पण यामागे भौतिकशास्त्र आहे. कापडाला स्वतःचा असा पक्का रंग नसतो. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग ते गिळतं, उरलेला परत पाठवतं, आणि ते उरलेलं म्हणजे आपल्याला दिसणारा रंग. सूर्याच्या उजेडात सगळे रंग जवळपास सलग असतात. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात काही रंग भरपूर, तर काहींचा जवळजवळ दुष्काळ. त्यामुळे दोन वेगळ्या रसायनांनी रंगवलेले कपडे, समजा साडी एका कारखान्यात रंगलेली आणि पोलकं दुसऱ्या, दुकानात जुळ्या बहिणींसारखे दिसतात आणि फुटपाथवर आल्यावर एकमेकांना ओळखही देत नाहीत. वांगी घडीचं तेच झालं. आत जी इरकलीत विरघळून गेली होती, ती दाराबाहेर निळसर निघाली.

याहून मोठी गंमत धूपछावेत आहे. पैठणी, इरकल किंवा चोळीचा खण अंगावर हलला की हिरव्यातून जांभळा डोकावतो आणि लगेच लपतो. रंग हिरवा की जांभळा, हे ठरवताच येत नाही, कारण तो दोन्ही आहे. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. प्रत्येक धागा त्याला छेदणाऱ्या धाग्यांच्या कधी वरून, कधी खालून जातो, त्यामुळे कापडाच्या पृष्ठभागावर बारीक बारीक उंचवटे तयार होतात. एका कोनातून उभ्यांचे उंचवटे समोर येतात, दुसऱ्या कोनातून आडव्यांचे. रेशमाचा तंतू आडवा कापला तर साधारण त्रिकोणी दिसतो. त्याच्या सपाट बाजूंवरून उजेड आरशासारखा उसळतो, म्हणून सुतापेक्षा रेशमात हा खेळ जास्त रंगतो. मोराच्या मानेशी आपण त्याची तुलना करतो, पण मोर वेगळ्याच वाटेने तिथे पोचलाय. त्याच्या पिसात निळं द्रव्य नसतंच. काळपट द्रव्याच्या अतिसूक्ष्म कांड्या इतक्या शिस्तीत रचलेल्या असतात की उजेड त्यांच्यावरून निळा-हिरवा होऊन परततो. मोराने जे रचनेतून केलं, ते विणकराने दोन रंगांचे धागे एकमेकांच्या शेजारी बसवून केलं.

शेजारी हा शब्द इथे महत्त्वाचा. 1824 साली मिशेल यूजीन शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या विणकाम कारखान्यात रंगकामाचे प्रमुख झाले. कारखान्यातल्या काळ्या रंगाबद्दल तक्रार होती: निळ्या-जांभळ्या वेलबुट्टीत तो धुवट दिसतो. शेव्रलनी तो दुसरीकडच्या काळ्याशी ताडून पाहिला. रंगात खोट नव्हती, खोट होती शेजारात. आपला डोळा एकेकटा रंग मोजत नाही, बाजूच्या रंगाशी त्याचा फरक मोजतो आणि तो फरक वाढवूनही सांगतो. फिक्याजवळ गडद आणखी गडद होतो, लालजवळ हिरवा आणखी हिरवा. 1839 मध्ये त्यांनी यावर अख्खा ग्रंथ काढला.

आपल्याकडे या ग्रंथाचं काम काठ करतो. हिरव्या साडीला लाल काठ का, काळ्या चंद्रकळेला उठून दिसणारी किनार का, हे विणकराने हाताने ओळखलेलं होतं. काठाविना तीच साडी मलूल पडते.

आणि मग मॅचिंग सेंटरच्या पायरीवर मला जे दिसलं, त्यासाठी हे सगळं लिहिते आहे. ही इरकल आईने पस्तिशीत घेतली. तेव्हा तिचे केस काळेभोर होते आणि पदर डोक्याजवळ आला की केसांत मिसळून जायचा. आता केस चांदीसारखे आहेत. तोच पदर, तोच आमसुली, पण पांढऱ्याच्या शेजारी तो असा गडद, असा भरदार उठला की मला वाटलं साडी नवीन आहे. वय झालं की फिकं नेसावं, हा नियम ज्याने कुणी केला, त्याने कधी पांढऱ्या केसांशेजारी गडद रंग धरून पाहिलेला नसणार. वय म्हणजे, निदान रंगांच्या हिशेबात, शेजारी बदलणं. केस बदलले, त्वचा बदलली. कपाटातल्या सगळ्या साड्या पुन्हा एकदा आरशासमोर खांद्यावर टाकून बघायला हव्यात.

शेजाऱ्यामुळे बदलणं माणसांचंही तसंच चालत आलंय. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी 1864 मध्ये मुंबईत आल्या, एका पारशी कुटुंबाकडे राहिल्या. बंगाली पद्धतीच्या नेसण्यात घराबाहेर वावरणं अवघड होतं. त्यांनी पारशी बायकांचं नेसणं पाहिलं, उचललं, पदर डाव्या खांद्यावर नेला आणि उजवा हात मोकळा करून घेतला. आज जिला आपण गोल साडी म्हणतो, तिच्या घडणीत या मुंबईतल्या शेजाराचा मोठा वाटा मानतात. पुढे महाराष्ट्रात तर साडी कशी नेसावी, नथ कशी घालावी, हे घराघरांतल्या बायका एका पुरुषाकडे बघून ठरवू लागल्या. ते होते बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस. त्यांनी बायकांना निरखून निरखून रंगमंचावर बाई उभी केली आणि प्रेक्षागृहातल्या बायकांनी ती निरखून परत घरी नेली. कुणी कुणाचं उचललं, हा प्रश्नच इथे बाद होतो.

मीही उचलत असते. लोकलच्या लेडीज डब्यात उभ्या उभ्या दुसरं करायचं काय! कोळणीची ठसठशीत छापाची साडी, तिच्यावर अजिबात न जुळणारं पोलकं, आणि तरीही टोपलीपासून केसातल्या फुलांपर्यंत सगळं जिथल्या तिथे. बँकेत जाणाऱ्या एका बाईंनी साध्या पांढऱ्या कुर्त्यावर खणाची फक्त एक पट्टी गळ्याला लावलेली. गळा म्हणजे चेहऱ्याचा सगळ्यात जवळचा शेजारी, हे त्यांना शेव्रलने सांगितलेलं नव्हतं.

दुकानदाराने शेवटी आमसुली कापली. नाकारलेली वांगी घडी तो परत रचणार, तेवढ्यात भाची म्हणाली, "हिच्यातलं दोन मीटर मला. जीन्सवर शर्ट शिवीन."

आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर पायातल्या पांढऱ्या स्नीकर्सवर थांबली. मग स्वतःच्या इरकलीचा काठ जरा वर उचलून ती त्या बुटांच्या बाजूला उभी राहिली, खाली बघितलं, आणि विचारलं, "हे माझ्या मापात मिळतात का गं?"