शर्यतीच्या आदल्या दिवशी

सुरत शहराच्या पश्चिमेस, तापी नदी खंभातच्या आखातास मिळते त्या मुखाशी हजीरा नावाचे गाव आहे. पोलाद, खत, नैसर्गिक वायू आणि बंदर यांच्या अवाढव्य कारखानदारीत त्या गावाचे मूळ रूप आज जवळजवळ लोपून गेले असले, तरी मराठी मुलखाशी त्याचे एक नाते अबाधित आहे, आणि ते म्हणजे येथून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53. पूर्वी ज्यास 6 क्रमांकाचा महामार्ग म्हणत तो हाच रस्ता नवापूरपाशी महाराष्ट्राच्या हद्दीत शिरतो, धुळे, जळगाव, भुसावळ, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा असा खानदेश आणि विदर्भ ओलांडतो आणि पुढे ओडिशातील पारादीपच्या समुद्रकाठी जाऊन थांबतो. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांना तो गावाकडचा रस्ता म्हणून तोंडपाठ आहे. येथे मात्र त्याच्या हजीऱ्याकडील टोकाकडे एका वेगळ्याच दृष्टीने पाहावयाचे आहे. सायकलच्या टाइम ट्रायलमध्ये उतरणारा व्यावसायिक स्वार शर्यतीपूर्वी मार्गाची जी पाहणी करतो, खेळाडूंच्या बोलण्यात जिला रेकी म्हणतात, तिच्यात नेमके काय पाहावयाचे असते, हे समजावून घेण्यास सपाट, सरळ, समुद्रवाऱ्याच्या आणि अवजड वाहतुकीच्या या रस्त्याइतका चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

रस्त्यावरील नेहमीच्या शर्यतीत शेदीडशे स्वार घोळक्याने धावतात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचे त्याच्या आडोशाने शक्ती राखतात, आणि सहकाऱ्यांचे साहाय्य, डावपेच व अखेरची मुसंडी यांवर निकाल ठरतो. टाइम ट्रायलमध्ये यातले काही नाही. स्वार एकेकटे, मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतात, दुसऱ्याच्या आडोशाने जाण्यास सक्त मनाई असते, आणि ठरलेले अंतर जो कमीत कमी वेळात कापील तो विजयी होतो. ताशी 45 ते 50 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या शक्तीचा फार मोठा हिस्सा हवा बाजूस सारण्यात खर्ची पडतो, आणि या वेगाला ही शक्ती साधारणतः वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत जात असल्यामुळे, एवढासा वेग वाढवावयाचा म्हटले तरी त्याची किंमत जबर असते. म्हणून तो पुढे लांबविलेल्या दांड्यांवर कोपरे टेकवितो, मस्तक खांद्यांत दडवितो, पाठ आडवी करतो. हे आसन वाऱ्याला फसविण्यास उत्तम असले तरी त्यात हात ब्रेकपासून दूर जातात आणि नजर खाली झुकते. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. समोर खड्डा दिसला आणि मग विचार केला, एवढी सवड या खेळात मिळत नाही. निर्णय अगोदरच झालेला असावा लागतो, आणि तो करावयाचे स्थळ म्हणजे आदल्या दिवशीची पाहणी.

सुरत आणि पाहणी हे दोन शब्द एकत्र आले की मराठी मनाला 1664 च्या जानेवारीतील शिवाजी महाराजांची स्वारी आणि तिच्याआधी परंपरा सांगते त्याप्रमाणे शहराची खबर काढून आणणारा बहिर्जी नाईक आठवल्यावाचून राहत नाही. हेराची खबर जशी कृतीच्या उपयोगी पडेल अशा तपशिलानेच मौल्यवान ठरते, तशीच स्वाराचीही. 'वळण कठीण आहे' या नोंदीला किंमत नाही. कोणत्या खांबापाशी ब्रेक धरावा, रस्त्याच्या कोणत्या कडेने वळणात शिरावे आणि कोठे पुन्हा कोपरे टेकवावेत, ही खरी नोंद. रीत साधारण अशी की पहिली फेरी मोटारीतून किंवा सावकाश सायकलीवरून करावयाची, मनात येईल तेथे उतरून हाताने रस्ता चाचपावयाचा. मग शर्यतीच्याच सायकलीवरून सबंध मार्ग पाहावयाचा. आणि शेवटी निवडक तुकडे तेवढे पूर्ण वेगाने तपासून खातरजमा करावयाची. खूण निवडताना ती शर्यतीच्या दिवशी जागेवर असेल याची काळजी घ्यावी लागते. विजेचा खांब, किलोमीटरचा पिवळ्या माथ्याचा दगड, पुलाच्या कठड्याचा आरंभ या खुणा विश्वासाच्या. कडेला उभा असलेला ट्रक किंवा चहाची गाडी दुसऱ्या दिवशी तेथे असेलच असे नाही. या सर्व नोंदी मागच्या मोटारीतील व्यवस्थापकाच्या हाती जातात आणि शर्यत चालू असताना तो त्या एकेक करून स्वाराच्या कानातील यंत्रात वाचीत राहतो.

आता हजीऱ्याचा रस्ता घेऊ. मगदल्ल्याच्या बाजूने तापी ओलांडणारा पूल, ज्याला सुरतेत ओएनजीसीचा पूल म्हणतात, हा या सपाट मुलखातला जवळजवळ एकुलता एक चढ. डोंगरात वाढलेल्या स्वारास तो नगण्य वाटेल. पण पाहणीस निघालेल्या माणसाने तेथे थांबलेच पाहिजे. नदीच्या पात्रातून समुद्राकडचा वारा मोकळा वर येतो आणि पात्राला आडवा असलेल्या पुलावर तो स्वाराच्या कुशीवर आदळतो. टाइम ट्रायलच्या सायकलीच्या पुढच्या चाकाची रुंद, उभी कडा हा वारा शिडासारखी पकडते आणि हँडल हातातून खेचले जाते. मागच्या चाकाची अखंड तबकडी भयंकर दिसली तरी त्रास देते ते बहुधा पुढचे चाक, आणि म्हणूनच ते उथळ कडेचे घ्यावे की खोल, हा निर्णय कारखान्याच्या तक्त्यावरून होत नाही, अशा पुलावर उभे राहून होतो. शिवाय पुलाच्या दोन तुळयांमधील सांध्यावर लोखंडी पट्टी असते. पहाटेच्या दवाने ती ओली असेल तर तीवरून जाताना सायकल सरळच असावी, कललेली मुळीच नसावी. ही एक ओळ वहीत लिहिण्यासाठी पुलावर पायी चालत जाण्याची तसदी घेणे सर्वथा योग्य होय.

पृष्ठभागाचा विषय हजीऱ्यात विशेष कुतूहलाचा आहे, कारण पोलादाच्या भट्टीतून निघणाऱ्या मळीचा, म्हणजे स्टील स्लॅगचा, देशातील पहिला रस्ता येथेच झाला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली बांधलेल्या सुमारे एक किलोमीटरच्या या सहा पदरी रस्त्यात नैसर्गिक खडीऐवजी संपूर्णतः प्रक्रिया केलेली मळी वापरली गेली. सुमारे एक लाख टन मळी त्यात जिरली आणि रस्त्याची जाडी नेहमीपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी ठेवता आली. जून 2022 मध्ये त्याचे उद्घाटन झाले, आणि त्याच महिन्यात 53 क्रमांकाच्या महामार्गावर अमरावती-अकोला दरम्यान 75 किलोमीटरची डांबरी मार्गिका 105 तास 33 मिनिटांत अंथरल्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. बांधणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही अभिमानाचे दाखले; स्वाराला मात्र त्यापलीकडे जाऊन विचारावे लागते की आज या क्षणी त्या पृष्ठभागावर काय पडलेले आहे. कोनदार, कठीण खडीचा रस्ता टायरला चांगली पकड देतो, पण पृष्ठभाग खरखरीत झाला असेल तर बारीक कंपने स्वाराची शक्ती खातात, आणि तेथे टायरमधील हवा थोडी कमी ठेवणेच वेगाचे ठरते. अवजड ट्रकांच्या फाटलेल्या टायरांतून सुटलेल्या केसाएवढ्या पोलादी तारा रस्त्याच्या कडेस पसरतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण पातळ टायरात बरोबर शिरतात. ट्रकांच्या चाकांखाली सतत झाडला जाणारा पट्टा स्वच्छ राहतो, तर दुभाजकाच्या मोकळ्या जागेपाशी वाळू साचते. आणि आपल्याकडील टाइम ट्रायल बहुधा महामार्गाच्या एका अंगाने जाऊन शंकूभोवती वळून परत येणारी असल्यामुळे, नेमक्या त्या वाळूवरच स्वाराला सर्वांत तीव्र वळण घ्यावे लागण्याचा संभव असतो.

वाऱ्याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्याजोगा आहे. हजीऱ्याच्या टोकाकडून सुरतेच्या दिशेने 10 किलोमीटर जाऊन तेवढेच परत यावयाचे, असा मार्ग धरा. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, म्हणजे जाताना पाठीशी आणि येताना तोंडावर. वारा पडलेला असता स्वार ताशी 45 च्या वेगाने 20 किलोमीटर 26 मिनिटे 40 सेकंदांत पुरे करील. आता जाताना वेग 50 आणि येताना 40 झाला, तर सरासरी तीच राहिली असे वरवर वाटते; प्रत्यक्षात जाण्यास 12 आणि येण्यास 15 अशी 27 मिनिटे लागतात. वीस सेकंद गेले, कारण प्रतिकूल वाऱ्यात स्वार अधिक काळ राहतो. म्हणून जाणता स्वार अनुकूल वाऱ्यात, पाय ताजे असतानाही, हात आखडता घेतो आणि वाचविलेली शक्ती परतीच्या वाटेवर ओततो. 1989 च्या तूर द फ्रान्सच्या अखेरच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंतच्या 24.5 किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये ग्रेग लेमाँडने लोराँ फिन्याँची 50 सेकंदांची आघाडी पुसून टाकली आणि तीन आठवड्यांची ती शर्यत 8 सेकंदांनी जिंकली, हे लक्षात घेतले म्हणजे वीस सेकंदांचे मोल सांगावे लागत नाही.

पाहणी शर्यतीच्याच वेळी करावी असा आग्रह धरला जातो, तोही याच कारणासाठी. सकाळी पाहिलेला हजीऱ्याचा रस्ता आणि दुपारचा रस्ता हे वाऱ्याच्या दृष्टीने दोन निराळे रस्ते असतात. 1995 च्या तूरच्या आरंभी सँ-ब्रियूक येथे प्रारंभीची छोटी टाइम ट्रायल संध्याकाळी भरली. लवकर सुटलेल्यांना कोरडा रस्ता मिळाला आणि त्यांच्यातलाच जाकी दुराँ विजयी झाला, तर उशिरा, पावसात आणि मावळत्या उजेडात सुटलेला ख्रिस बोर्डमन उतारावर कोसळून घोटा मोडून बसला. त्या प्रकारातला तो त्या काळचा सर्वांत निष्णात स्वार होता.

खुद्द पाहणीतही धोका असतो. 12 जून 2019 रोजी फ्रान्समधील रोआन येथे क्रितेरियम द्यु दोफिने या शर्यतीतील टाइम ट्रायलचा मार्ग पाहत असताना, चार वेळा तूर जिंकलेल्या ख्रिस फ्रूमने नाक शिंकरण्यासाठी क्षणभर एक हात हँडलवरून काढला, तेवढ्यात वाऱ्याच्या झोताने पुढचे चाक ओढले आणि ताशी पन्नासाहून अधिक वेगाने तो भिंतीवर आदळला. मांडीचे हाड, कोपर, बरगड्या मोडल्या. पुढे तो शर्यतींत परतला, पण पूर्वीचा फ्रूम परतला नाही. याच्या उलट 2020 साली ताडेज पोगाचारने प्लाँश दे बेल फीयच्या 36.2 किलोमीटरच्या टाइम ट्रायलचा मार्ग आधी कसून पाहून ठेवला होता. अखेरच्या चढाच्या पायथ्याशी सायकल बदलून तो वर गेला आणि 57 सेकंदांची पिछाडी भरून काढून 59 सेकंदांच्या आघाडीने त्याने तूर आपल्या नावे केली. चढासाठी हलकी सायकल कोठे घ्यावी हा प्रश्न शर्यतीच्या धामधुमीत सोडविता येत नसतो.

आपल्याकडे अशा दर्जाच्या टाइम ट्रायलचा अनुभव अगदी अलीकडचा. 19 ते 23 जानेवारी 2026 या दिवसांत पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या दर्जाची, एकंदर 437 किलोमीटरची शर्यत भरली आणि तिचा आरंभ पुणे शहरातील 7.5 किलोमीटरच्या प्रोलॉगने, म्हणजे छोट्या टाइम ट्रायलने झाला. तिच्यासाठी रस्ते नव्याने डांबरले गेले, ही गोष्ट मला शर्यतीइतकीच महत्त्वाची वाटते.

हजीऱ्यासारख्या ठिकाणी सराव करू पाहणाऱ्या तरुणाची अडचण मात्र डांबराची नाही. कारखान्यांच्या पाळ्या बदलण्याच्या वेळी कामगारांच्या बसगाड्या, बंदराकडे जाणारे ट्रक आणि खंभातच्या आखातापलीकडील घोघ्याच्या बोटीसाठी निघालेली वाहने यांच्या गर्दीत मस्तक खाली घालून रस्ता वाचणे हा जिवाशी खेळ आहे. मागे इशाऱ्याचे दिवे लावलेली मोटार असल्याखेरीज तो कोणी करू नये. येथे अगर महामार्गाच्या दुसऱ्या कोणत्याही तुकड्यावर, धुळ्यास किंवा अकोल्यास, टाइम ट्रायल भरविण्याचा बेत जे करतील त्यांनी पोलीस खात्याकडे अर्ज करताना बंदोबस्त केवळ शर्यतीपुरता मागू नये. आदल्या दिवशी, शर्यतीच्याच घटकेला, एक तास रस्ता बंद ठेवण्याची तजवीज त्याच अर्जात असावी, आणि तेवढी परवानगी मिळत नसेल तर शर्यतीची तारीख पुढे ढकलावी.