विषाणू : पिकाचा शत्रू, औषधाचा वाहक

रायगडच्या किनारपट्टीत भातकापणीनंतर जमिनीतील ओलाव्यावर वाल, चवळी ही पिके घेतली जातात. चवळीच्या पानांवर कधीकधी फिकट हिरवे-पिवळे चट्टे पडतात, पाने आकसतात व झाड खुजे राहते. हा विषाणूजन्य मोझॅक रोग होय. विषाणू म्हटले की शेतकऱ्याला नुकसानच आठवते. परंतु चवळीवरील अशाच एका विषाणूचा उपयोग माणसाच्या शरीरातील गाठ शोधण्यासाठी व तेथवर औषध पोचविण्यासाठी करता येईल काय, यावर संशोधन चालू आहे. त्याची माहिती येथे देत आहोत.

विषाणूची रचना :
विषाणू म्हणजे प्रथिनांचे कवच आणि त्याच्या आत जनुकद्रव्य. शेंगेचे टरफल व आतील दाणा डोळ्यांपुढे आणावा. दाण्यात रोग वाढविण्याची शक्ती असते. दाणा काढला तर टरफल शाबूत राहते, पण रोग वाढत नाही. या रिकाम्या टरफलात औषध भरता येते, तसेच बाहेरून रंगद्रव्य चिकटविता येते.

चवळीचा विषाणू :
या कामी वापरला जाणारा चवळी मोझॅक विषाणू 1959 साली नायजेरियात प्रथम नोंदला गेला. तो भुंगेऱ्यांमार्फत पसरतो. आपल्याकडील चवळीचा मोझॅक बहुधा माव्यामार्फत पसरणाऱ्या वेगळ्या विषाणूंमुळे होतो, हे लक्षात घ्यावे. हा कण सुमारे 30 नॅनोमीटरचा असतो. एक मिलिमीटरच्या रेषेवर असे सुमारे 33 हजार कण मावतील. वनस्पतींचे विषाणू माणसाच्या शरीरात वाढत नाहीत, आणि चवळीच्या रोपांवर ते स्वस्तात वाढविता येतात. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याची निवड केली.

निदान व उपचार :
चमकणारे रंगद्रव्य जोडलेले हे कण जिवंत उंदराच्या रक्तवाहिन्यांत सोडून त्या स्पष्ट पाहता आल्याचे 2006 साली प्रसिद्ध झाले. एम.आर.आय. तपासणीत वापरले जाणारे गॅडोलिनियमही कणांवर जोडता येते. एका कणावर त्याचे अनेक रेणू बसत असल्याने चित्र अधिक ठळक मिळते. कर्करोगाचे औषध एरवी सर्व शरीरभर पसरून निरोगी पेशींनाही इजा करते. गाठीची ओळख पटविणारा रेणू कवचावर बसविल्यास औषध जास्त प्रमाणात गाठीतच उतरावे, असा प्रयत्न आहे. हे काम मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांत आहे. माणसांसाठी औषध म्हणून यास अद्याप मान्यता नाही.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण :
वाहक म्हणून बदललेल्या दुसऱ्या एका विषाणूचा उपयोग मात्र प्रत्यक्षात आला आहे. पनवेल तालुक्यात खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था आहे. तेथे 4 जून 2021 रोजी देशातील पहिला कार-टी पेशी उपचार करण्यात आला. यात रुग्णाच्या रक्तातील टी पेशी बाहेर काढतात. रोगकारक जनुके काढलेला लेंटिव्हायरस त्या पेशींत नवे जनुक नेऊन ठेवतो. मग त्या पेशी रुग्णाला परत देतात व त्या कर्करोगाच्या पेशी ओळखून मारतात. आय.आय.टी. मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून तयार झालेल्या नेक्सकार-19 या उपचारास ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. तो रक्ताच्या व लसिका ग्रंथींच्या ठरावीक कर्करोगांसाठी आहे.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी :
1. मोझॅकग्रस्त झाडे दिसताच उपटून नष्ट करावीत. लागण झालेले झाड बरे करणारे औषध नाही.
2. बियाणे निरोगी झाडांपासूनच राखावे, कारण काही विषाणू बियाण्यातूनही येतात.
3. माव्याचा वेळीच बंदोबस्त करावा.
4. रोगट पाल्याचा रस औषध म्हणून कोणासही देऊ नये. प्रयोगशाळेतील कण शुद्ध करून, तपासून, मोजून वापरलेले असतात. शेतातील पाल्याला तो गुण नाही.

घरात कोणास न दुखणारी गाठ, न भरणारी जखम किंवा दीर्घकाळ ताप असल्यास पाल्याच्या उपायांत दिवस घालवू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात लवकर दाखवावे. शोध कितीही मोठा असला, तरी रुग्ण वेळेवर पोचला तरच त्याचा लाभ होतो.