पापणी उलटून बघा, मग बाटली उघडा

सांगली जिल्ह्याच्या एका टोकाला जत-आटपाडीचे कोरडे माळ, तर दुसऱ्या टोकाला शिराळा. वारणेच्या खोऱ्यातून चांदोलीकडे सरकावं तसा पाऊस वाढत जातो. इथं मे महिन्यात धूळवाफेवर भात पेरतात आणि पुढे बांधावर, ओढ्याकाठी, पडीक रानात गवत माजतं. दख्खनी मेंढी मात्र मूळची कोरड्या पठाराची. तिचं कोकरू या ओल्या हिरवळीवर चरू लागलं की श्रावण-भाद्रपदात ढाळ लागतात, शेपटीखालची लोकर चिकटते, वाढ खुंटते. मग दुकानातून जंताची बाटली येते आणि सगळ्या कळपाला एकाच मापानं पाजली जाते. या सवयीनं औषध वाया जातं आणि वाचू शकणारी कोकरंही जातात.

कारण मेंढ्यांचा सर्वांत घातकी जंत सहसा हगवण लावतच नाही. त्याचं नाव हिमाँकस. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा हा जंत कोकराच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त नेतो. हजार जंत असले तर रोजचे 50 मिलिलिटर झाले, आणि दहा-बारा किलोच्या कोकराच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाऊण लिटर. लेंड्या मात्र नेहमीसारख्याच पडतात. रक्तातली प्रथिनं घटली की जबड्याखाली पाणी उतरतं, कोकरू कळपामागं रेंगाळतं आणि एके सकाळी उठतच नाही.

हिमाँकसची एक मादी दिवसाला पाच हजारांहून अधिक अंडी घालते. ऊबदार, ओलसर लेंडीत ती फुटतात आणि आठवडाभरात अळी दवाच्या ओलीवरून गवताच्या पात्यावर चढते. ती पोटात गेल्यावर तीन आठवड्यांत नवी मादी अंडी घालायला तयार होते. जतच्या उन्हात लेंडी लवकर सुकते आणि बहुतेक अळ्या मरतात. शिराळ्याच्या पावसाळी सावलीत त्या कित्येक आठवडे तग धरतात. त्यात व्यायच्या सुमारास मेंढीची प्रतिकारशक्ती उतरते आणि तिच्या लेंडीतली अंडी वाढतात. त्यामुळे कोकराला लागण होते ती बऱ्याचदा आईनं चरलेल्या रानातूनच. दव सुकल्यावर चारणं आणि गवत बुडख्यापर्यंत खुरटू न देणं, एवढ्यानंही अळ्यांचा भार कमी होतो.

मग ढाळ कशानं लागतात? महिन्याभरापासून पुढच्या कोकरांत, विशेषतः ओल्या, दाटीच्या वाघरीत, कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवी आतड्याचं अस्तर फोडतात. शेण पातळ होतं, कधी त्यात शेंब आणि रक्त दिसतं. कॉक्सिडिया हे जंत नव्हेत, त्यामुळे जंतनाशकाची अख्खी बाटली रिकामी केली तरी त्यांना काही होत नाही. त्यांचं औषध वेगळं आणि ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानंच द्यायचं. भातखाचरं आणि डबक्यांतल्या गोगलगायींमुळे चपट्या कृमींचाही फेरा सुरू होतो. पावसाळा ओसरताना त्यांतल्या एका प्रकारची पिल्लं लहान आतड्यात शिरली की दुर्गंधीयुक्त पाण्यासारखे ढाळ होतात. उलट, लेंडीत तांदळाच्या कणीसारखे दिसणारे पट्टकृमीचे तुकडे पाहून माणसं घाबरतात, पण त्या कृमीचा त्रास तुलनेनं थोडा.

आणि खाणं? बकरी ईदच्या बाजारासाठी वजन चढवायला अचानक मक्याचा भरडा सुरू केला की पहिल्या पोटात आम्ल साठतं. याच अतिपोषणावर आतड्यातले क्लॉस्ट्रिडियम जिवाणू झपाट्यानं वाढतात आणि त्यांच्या विषानं आंत्रविषार होतो. हा रोग कळपातलं सर्वांत धष्टपुष्ट कोकरू निवडतो. संध्याकाळी ठणठणीत असलेलं कोकरू पहाटे मान मागं टाकून मेलेलं सापडतं. उपचाराला वेळच मिळत नाही, म्हणून पावसाळ्याआधी लस टोचायची. पहिल्या वर्षी साधारण दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा. ही लस पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते.

हिमाँकस ओळखण्याची साधी खूण डोळ्यात आहे. दक्षिण आफ्रिकेतले पशुवैद्यक फाफा मलान यांच्या नावावरून ओळखला जाणारा ‘फॅमाचा’ तक्ता मेंढीच्या खालच्या पापणीच्या आतल्या रंगाचे पाच टप्पे मांडतो. लालबुंद असेल तिला सोडून द्यायचं, पांढरीफटक असेल तिला ताबडतोब औषध. पांढरेपणा यकृतकृमीनंही येतो, म्हणून ताज्या लेंड्या तपासून घेणं उत्तम. दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजून एका ग्रॅममागं किती आहेत ते सांगता येतं. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

सरसकट पाजण्यात खरा धोका औषधप्रतिकाराचा आहे. वजन नजरेनं कमी धरलं की मात्रा अपुरी पडते, चिवट जंत जगतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. काही सुदृढ जनावरांना औषध न दिल्यानं औषधाला बळी पडणारे जंत रानात उरतात आणि चिवटांचं बीज विरळ होतं. दुकानात ब्रँड बदलला म्हणजे औषध बदललं असं नाही: अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच कुळातली. (अल्बेंडाझोल गाभणीच्या पहिल्या महिन्यात टाळायचं, हेही दुकानदार क्वचितच सांगतो.) औषधानंतर दहा ते चौदा दिवसांनी अंडी पुन्हा मोजावीत, घट 95 टक्क्यांहून कमी असेल तर प्रतिकाराचा संशय धरावा.

या प्रश्नावर आपल्याच भागात महत्त्वाचं काम झालं आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांचा बंगालच्या गारोळ जातीशी संकर केला. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गारोळ रक्ताच्या कोकरांच्या लेंडीत जंतांची अंडी कमी आढळली. वजन मात्र कमी भरलं. सुंदरबनाच्या दलदलीत चरणाऱ्या गारोळनं ही ताकद पिढ्यान्पिढ्या कमावली आहे. तशीच ताकद थोड्या प्रमाणात प्रत्येक कळपातल्या काही मेंढ्यांत असते. म्हणून शिराळ्याच्या मेंढपाळानं भाद्रपदात पापण्या बघताना औषधाविना लाल राहिलेल्या मेंढ्यांच्या कानाला खूण करून ठेवावी आणि पुढचा मेंढा त्यांच्याच पोटचा राखावा.