नाकातली नळी पोटातच आहे ना? हार्ट सर्जरीनंतर विचारायचा एक प्रश्न

 

आपल्या वसई-विरारकडचे कितीतरी पेशंट बायपास किंवा व्हॉल्व्हच्या ऑपरेशनसाठी मुंबई गाठतात. मग आयसीयूत बाबांच्या नाकात नळी दिसते आणि आपल्या पोटात गोळा येतो. आज मी या नळीबद्दलच बोलणार आहे.

हिला राईल्स ट्यूब म्हणतात. जॉन राईल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९२१ मध्ये अशा नळीची माहिती प्रसिद्ध केली, म्हणून हे नाव. बहुतेक पेशंट ऑपरेशननंतर लवकरच तोंडाने खाऊ लागतात. पण कुणी जास्त दिवस व्हेंटिलेटरवर राहतं, कुणाला गिळताना ठसका लागतो. आवाजाची डावी नस हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालून वर येते. तिला धक्का बसला तर आवाज बसतो आणि घास श्वासनलिकेकडे जाऊ शकतो.

"सलाईन आहे ना, मग नळी कशाला?" असं बरेच जण विचारतात. तर साध्या सलाईनने पोट भरत नाही. त्यात पाणी, मीठ, फार तर थोडी साखर. जखम भरायला प्रोटीन लागतं. म्हणून तोंडाने खाता येत नसेल, तर साधारण ४८ तासांत नळीने फीड सुरू करायचा प्रयत्न असतो. बीपी टिकवायला औषधांचे मोठे डोस लागत असतील, तर मात्र डॉक्टर थांबतात, कारण तेव्हा आतड्यांना रक्त कमी मिळतं.

नळी घालण्याआधी माप घेतात: नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापर्यंत. मग जेल लावून हळूहळू आत सरकवतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतात, त्यामुळे नाकातून रक्त येऊ शकतं. म्हणून जोर लावत नाहीत.

आता खरा मुद्दा. नळी चुकून फुप्फुसात गेली आणि तसंच फीड दिलं, तर जीवावर बेतू शकतं. एरवी माणूस खोकून खोकून सांगतो. पण गुंगीतल्या किंवा घसा बधिर झालेल्या पेशंटला खोकला येईलच असं नाही. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा कमी आला, तर ती पोटात असल्याची खूण. पण या पेशंटना अ‍ॅसिडिटीची औषधं दिलेली असतात, मग पीएच वर जातो. म्हणजे नेहमीच्या दोन्ही घंटा इथे वाजतीलच याची खात्री नाही. हवा मारून पोटावर स्टेथोस्कोप ठेवायची जुनी पद्धतही भरवशाची नाही. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ मध्येच ती वापरू नका असं बजावलं होतं. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे एक्स-रे, आणि तोही जाणकाराने पाहिलेला.

म्हणून पहिल्या फीडआधी शांतपणे विचारा, "डॉक्टर, नळी पोटातच आहे हे कसं तपासलं?" विचारण्यात लाजायचं काही कारण नाही.

नळीसकट घरी सोडलं तर? नाकपुडीशी नळीवरचा जो आकडा येतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दर फीडआधी तो जुळवा. डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवा, फीडनंतरही किमान अर्धा तास. फीडच्या आधी आणि नंतर नळीत पाणी सोडा, पण डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घातली असेल तर तेही मोजा. गोळ्या न विचारता कुटू नका, काहींचं कोटिंग मोडलं की औषधाचं गणित बिघडतं. अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन चालू असेल तर फीडचा डबा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. फीडमधल्या व्हिटॅमिन के मुळे आयएनआर बदलू शकतो.

आणि आकडा जुळला नाही, नळी सरकली किंवा निघाली, तर फीड बंद. घरी परत आत ढकलू नका. मुंबईपर्यंत जायची वाट न पाहता जवळचं हॉस्पिटल गाठा. इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना लगेच फोन करा. एक फीड चुकलं तर त्यातून मार्ग निघतो, फुप्फुसात गेलेलं फीड मात्र फार महागात पडतं.

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर हा एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!