मुक्या सोबत्याची गोधडी

बोचक्यात बांधून ठेवलेल्या चिंध्यांचे करावे काय, हा प्रश्न घरोघरी पडतो. आणि दाराशी गार फरशीवर अंग टाकून पडलेला म्हातारा कुत्रा त्याचे उत्तर मुकाट्याने देत असतो. वय झाले की कुत्र्याच्या अंगावरील मांस उतरते. कठीण जमिनीवर टेकून त्याच्या कोपरांना घट्टे पडतात आणि कधी तेथे पाणी धरून सूज येते. अंगाखाली मऊ अंथरूण असले, तर हा त्रास पुष्कळ अंशी टळतो. परंतु ते नुसते मऊ असून भागत नाही. ते धुता आले पाहिजे आणि त्यात अपायकारक असे काही असता कामा नये.

धुण्याचे कारण असे. पिसवांची अंडी जनावराच्या केसांना चिकटून राहत नाहीत. ते जेथे निजते तेथे ती गळून पडतात आणि तेथेच वाढतात. कुत्र्याला औषध लावले आणि अंथरूण तसेच ठेवले, तर पिसवा पुन्हा होतात. यासाठी आतली गोधडी वेगळी आणि वरची खोळ वेगळी अशी योजना करावी. खोळ दर आठवड्यास ६० अंश सेल्सियसच्या कढत पाण्यात धुवावी. गोधडीला वरचेवर ऊन द्यावे व अधूनमधून तीही धुवावी.

कुत्रा लांब होऊन निजला असता नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत माप घ्यावे व त्यात २० सेंटिमीटर मिळवावे. माप ७० भरले, तर खोळ ९० लांब व ६० रुंद होईल. गोधडी तिच्याहून थोडी लहान, म्हणजे ८५ बाय ५५ असावी. चिंध्यांचे तुकडे कोंबून भरल्यास त्यांचे गोळे होतात व ओल आत राहते. त्यापेक्षा जुन्या धोतराचे, लुगड्याचे थर सपाट पसरून चार-चार बोटांवर धावदोरा घालावा. गोवा-बेळगावकडील पावसाळ्यात एका जाड गोधडीपेक्षा दोन पातळ गोधड्या लवकर वाळतात; इंदूर-ग्वाल्हेरच्या थंडीत तिसरी वाढवावी.

खोळीसाठी वरचा भाग ९४ बाय ६४ व खालचे दोन भाग प्रत्येकी ५७ बाय ६४ असे कापावेत. खालच्या दोन्ही भागांची आतली कड २ सेंटिमीटर दुमडून शिवावी व ते भाग एकमेकांवर चढवून, २ सेंटिमीटर शिवण धरून, चारही बाजू टीप मारून घ्याव्यात. म्हणजे बटण, हूक वा चेन यांवाचून खोळ उलगडते व मिटते.

वरचा भाग तुकडे जोडून करावयाचा असेल, तर बेळगावच्या दक्षिणेस हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांची रीत ध्यानात घ्यावी. त्यांच्या ‘कवंदी’ नावाच्या गोधडीचे काम एका कोपऱ्यापासून सुरू होते आणि कडेकडेने फिरत मध्यावर येऊन संपते. तुकड्यांच्या कडा दुमडून त्या आतल्या थरांसह धावदोऱ्याने पक्क्या करतात. कोपऱ्यांवर त्या कापडाची ‘फुले’ही बसवितात, जनावराच्या गादीवर मात्र ती नकोत, कारण दाताला लागेल ते ओढले जाते.

मांजराच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. त्याच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला सहजी थुंकता येत नाही. गिळलेला दोरा आतड्याला चुण्या पाडतो व कापतो, आणि त्यात जीवही जातो. दोऱ्याचे टोक तोंडातून वा गुदद्वारातून लोंबताना दिसले, तर ते ओढू नये. ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे. शिवण संपताच सुया मोजून ठेवाव्यात व सुटे दोरे वेचून टाकावेत.

इतके करूनही नवी गादी जनावर लगेच स्वीकारीलच असे नाही. त्याची ओळख डोळ्यांपेक्षा नाकाने होते. म्हणून पहिले काही दिवस घरातील माणसाचा अंगावर वापरलेला, न धुतलेला सदरा तीवर पसरून ठेवावा. त्या वासाच्या सोबतीने म्हातारे जनावर फरशी सोडून गादीवर येते व निर्धास्त झोपी जाते.