आकड्यांचा आवाज कसा होतो?

मोबाईलमध्ये गाणी असतात असं आपण म्हणतो. पण मेमरी कार्डात आवाज नसतो. तिथे नुसते आकडे असतात. त्या आकड्यांपासून परत आवाजाची वीज करणाऱ्या यंत्राला डॅक म्हणतात. माझा दादा आयटीआयला आहे. त्याने सुट्टीत घरीच डॅक बनवला. मी त्याला मदत केली. तो कसा चालतो ते सांगते.

आवाज म्हणजे हवेची थरथर. माईक त्या थरथरीची वीज करतो. ही वीज सेकंदाला हजारो वेळा मोजून आकडे लिहून ठेवतात. गाण्यांची सीडी १९८२ साली विकायला आली. तिच्यात प्रत्येक कानासाठी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात.

साहित्य : मायक्रोकंट्रोलर, दोन ओळींचा डिस्प्ले, १० हजार ओहमचे २५ रेझिस्टर, वायरी, छोटा अँप्लिफायर आणि स्पीकर.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाएवढा संगणक. तो ५ व्होल्टवर चालतो. त्याच्या आठ पायांना आठ किमती दिल्या : १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. पाय एकतर चालू, नाहीतर बंद. २०० हवे असतील तर १२८, ६४ आणि ८ चे पाय चालू करायचे. बेरीज करून बघा! सगळे चालू केले की २५५ होतात. रेझिस्टर शिडीसारखे जोडतात. त्यामुळे १२८ च्या पायाची वीज सर्वात जास्त, पुढच्याची निम्मी, त्याच्या पुढच्याची आणखी निम्मी. शिडीच्या टोकाला सगळ्यांची बेरीज मिळते.

आधी दादाने आकडे सावकाश सोडले. डिस्प्लेवर ६४ आले, मीटरने सव्वा व्होल्ट दाखवले. १२८ आले, अडीच व्होल्ट झाले. मला फार मजा वाटली. मग सेकंदाला ८,००० आकडे सोडले आणि स्पीकर बोलू लागला. इतके आकडे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून तेव्हा डिस्प्लेवर फक्त वेळ दिसते.

आम्ही आजीच्या जात्यावरच्या ओव्या लावल्या. मोठा आवाज छान आला. पण ओवी संपताना आजीचा आवाज बारीक होतो, तिथे खरखर झाली. कारण आमच्या डॅकमध्ये शांततेचा आकडा १२८ असतो. बारीक आवाजात आकडा १२६ ते १३० एवढाच हलतो. म्हणजे पायऱ्या पाचच! सीडीत ६५,५३६ पायऱ्या असतात. आमच्या एका पायरीच्या जागी तिथे २५६ पायऱ्या.

आवाज भरताना जे आकडे घेतलेच नाहीत, ते नंतर कुठलंही यंत्र परत आणू शकत नाही. म्हणून दादाने मोबाईलमधलं बारीक पायऱ्यांचं मूळ रेकॉर्डिंग पुसलं नाही, जपून ठेवलं आहे.

आमची आजी आता थकली. दोन ओव्या म्हटल्या की तिला दम लागतो. पालकांनो, तुमच्या घरातल्या आजीच्या ओव्याही आताच भरून ठेवा. मोबाईल तोंडाजवळ धरा, म्हणजे आवाज मोठा येईल आणि जास्त पायऱ्या मिळतील.

— इयत्ता चौथी